कॅप्चर मांडवात वाजवताना: आधी लेव्हल, मग कॅब, मग डीपी

घरी हेडफोनवर झकास वाजणारं अ‍ॅम्प कॅप्चर (खऱ्या अ‍ॅम्पच्या आवाजाची फाइल) गावच्या मांडवात गेलं की पातळ पडतं, नाहीतर पिंपात बसून वाजवल्यासारखं घुमतं. दोष त्या फाइलीवर जातो आणि रात्री आणखी चाळीस फायली उतरवल्या जातात. त्या चाळीसही दुसऱ्या मांडवात तशाच वाजतात. कारण बिघाड बहुतेक वेळा फाइलीत नसतोच. गिटारचा सिग्नल ज्या व्होल्टेजला आत जायला हवा त्याला जात नाही, कॅबिनेट (कॅब, म्हणजे स्पीकरचा खोका) दोनदा लागतं किंवा एकदाही लागत नाही, आणि राहिलेलं काम अर्थिंग नसलेला बोर्ड करतो. याच क्रमाने तपासलं तर दहा मिनिटांत दुरुस्ती होते.

कॅप्चर म्हणजे एका अ‍ॅम्पचा, त्याची बटणं एका ठरावीक जागी ठेवून घेतलेला नमुना. निरनिराळ्या मल्टीइफेक्ट यंत्रांत त्याची नावं वेगळी: केम्पर त्याला प्रोफाइल म्हणतं, क्वाड कॉर्टेक्समध्ये ते न्यूरल कॅप्चर आहे, टोनएक्समध्ये टोन मॉडेल. स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांनी लिहिलेलं न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर, म्हणजे सगळे ज्याला नुसतं नॅम म्हणतात ते, मोफत आणि मुक्त स्रोत आहे. त्यामुळे खेड्यात बसून कॅप्चर वापरणाऱ्याचा बहुतेक संबंध नॅमशीच येतो. यंत्रावर कॅप्चर लावल्यावर बेस, मिडल, ट्रेबलची बटणं दिसतात, पण ती मूळ अ‍ॅम्पची नव्हेत. यंत्राने वरून जोडलेला तो साधा ईक्यू आहे. गेनचं बटणही मूळ अ‍ॅम्पचा गेन फिरवत नाही, कॅप्चरमध्ये शिरणारा सिग्नल लहानमोठा करतं. अ‍ॅम्पचा गेन ३ वर असतानाचा आणि ७ वर असतानाचा आवाज हवा असेल तर दोन वेगळी कॅप्चरं लागतात.

डिले, रिव्हर्ब, कोरस हे इफेक्ट कॅप्चरमध्ये येत नाहीत, त्याचं कारण हिशोबाचं आहे. नॅमचं स्टँडर्ड मॉडेल एका क्षणाचा आवाज काढताना मागचे सुमारे ४,१०० नमुने (सॅम्पल, म्हणजे आवाजाची क्षणोक्षणीची मोजमापं) पाहतं. सेकंदाला ४८,००० नमुने धरले तर हे सुमारे ८५ मिलिसेकंद होतात. तीनशे मिलिसेकंदांचा डिले त्याच्या नजरेतच येत नाही. ट्यूब अ‍ॅम्प जोरात वाजवल्यावर पॉवर सप्लाय हळूहळू दबतो, तो दाबही याच कारणाने अर्धामुर्धाच येतो.

यंत्र कोणत्या जातीचं आहे

विकणारे इथे सर्रास घोळ घालतात. "आयआर चालतो" याचा अर्थ "कॅप्चर चालतं" असा होत नाही. आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स) हा फक्त कॅबिनेट आणि माइकचा ठसा असतो, अ‍ॅम्पचा नव्हे. एचएक्स स्टॉम्प, पॉड गो ही यंत्रं आयआर घेतात, कॅप्चर घेत नाहीत. झूम जी१एक्स फोरसारखं जुनं यंत्र आयआरसुद्धा घेत नाही. क्वाड कॉर्टेक्स किंवा टोनएक्स पेडल फक्त आपल्याच घरची कॅप्चरं घेतं. तिसरी जात आहे व्हॅलेटन जीपी-५ सारख्या छोट्या यंत्रांची. त्यांचं अ‍ॅप नॅमची फाइल घेऊन ती आपल्या लहान साच्यात बसवतं आणि मग यंत्रात टाकतं. गावाकडच्या खिशाला हीच परवडतात. पण साचा लहान केला की काहीतरी जातंच.

काय गेलं ते तपासायची सोपी रीत आहे. काठावरचं कॅप्चर घ्या, म्हणजे हळू छेडलं तर स्वच्छ आणि जोरात छेडलं तर फाटणारं. सहावी तार एकदा छेडा आणि सूर पूर्ण विरेपर्यंत हात लावू नका. मूळ फाइल कॉम्प्युटरवर ऐका, मग यंत्रावर. शेवटच्या दोन सेकंदांत सूर विरण्याऐवजी फुरफुरत तुटत असेल तर रूपांतरात नुकसान झालंय. हाय-गेन (कायम फाटणाऱ्या) कॅप्चरमध्ये हे फारसं कळत नाही, काठावरच्यात लगेच कळतं. म्हणून छोट्या यंत्रावर एकतर पूर्ण स्वच्छ कॅप्चर ठेवावं आणि पुढे ओव्हरड्राइव्ह (आवाज फाडणारा इफेक्ट) लावावा, नाहीतर सरळ हाय-गेन घ्यावं. मधल्या जागेचा हट्ट छोट्या यंत्रावर महागात पडतो.

ज्यांच्याकडे आधीच पॉड गोसारखं यंत्र आहे त्यांनी ते विकायची घाई करू नये. त्याच्या इफेक्ट लूपमध्ये (बाहेरचं पेडल मधे जोडायच्या सोयीत) छोटं कॅप्चर-पेडल बसवा, आतला अ‍ॅम्प ब्लॉक बंद करा, आयआर आणि डिले-रिव्हर्ब मोठ्या यंत्रावरच ठेवा. लूपच्या सेंडची लेव्हल मात्र "इन्स्ट्रुमेंट" वर हवी. ती "लाइन" वर राहिली तर पेडलचा इनपुट चिरतो आणि लोक म्हणतात, कॅप्चरच भिकार आहे.

रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आणि त्यावर चालणारं पायपेडल हे सॉफ्टवेअर वापरून स्वतःचं यंत्र बांधणारेही आहेत. पाय ४ वर नॅमचं एक स्टँडर्ड मॉडेल चालतं. जुन्या पायवर फेदर किंवा नॅनो या लहान आकारांच्या फायली शोधाव्यात. पण विदर्भात एक अडचण परदेशी व्हिडिओत कुणी सांगत नाही. पाय ४ ची चिप ८० अंशांना पोचली की स्वतःचा वेग कमी करते आणि वेग कमी झाला की आवाजात टकटक सुरू होते. पुण्यात पंख्याशिवाय निभेल, पण मे महिन्यात ब्रह्मपुरीला किंवा चंद्रपूरला हवाच ४५ च्या पुढे असते. तिथे पंखा आणि हीटसिंक दोन्ही लावा, डबीला खालून-वरून भोकं ठेवा. दुसरं, लाइन गेल्यावर पाय तडकाफडकी बंद पडतो आणि एसडी कार्ड खराब होतं. कार्डाची एक जशीच्या तशी प्रत खिशात ठेवल्याशिवाय कार्यक्रमाला जाऊ नये.

लेव्हल

आता मुख्य भानगड. अ‍ॅम्पला गिटारकडून किती व्होल्ट मिळतात यावर तो किती फाटेल ते ठरतं. कॅप्चरला व्होल्ट दिसत नाहीत, आकडे दिसतात. तुमच्या यंत्राचा इनपुट किती व्होल्टला भरतो, म्हणजे ० डीबीएफएस दाखवतो, ते प्रत्येक यंत्रात वेगळं. कॅप्चर घेणाऱ्याचा इंटरफेस किती व्होल्टला भरत होता तेही वेगळं. हे दोन जुळले नाहीत तर तीच गिटार आणि तीच फाइल असूनही अ‍ॅम्प वेगळा वाजतो.

हे मोजायचं एकक डीबीयू. ० डीबीयू म्हणजे ०.७७५ व्होल्ट, आणि दर ६ डीबीला व्होल्टेज दुप्पट. कॅप्चर +१२ डीबीयूला घेतलेलं असेल (म्हणजे सुमारे ३.१ व्होल्टला इनपुट भरणारं) आणि तुमचं यंत्र +१८ ला भरत असेल, तर तुमची गिटार त्या कॅप्चरला ६ डीबी, म्हणजे निम्मी, लहान दिसते. फाटणारा अ‍ॅम्प गुळगुळीत होतो. उपाय एकच: कॅप्चर ब्लॉकच्या आधी ६ डीबी वाढवा. उलट परिस्थितीत ६ डीबी कमी करा. कॅप्चरनंतरचा व्हॉल्यूम वाढवून काही होत नाही, पातळ आवाज मोठ्याने ऐकू येतो इतकंच.

चांगले लोक कॅप्चरच्या माहितीत हा आकडा लिहितात. यंत्राचा आकडा कधी माहितीपुस्तकात "कमाल इनपुट लेव्हल" म्हणून असतो. नसला तर घरी मोजता येतो. त्याला साधं मल्टिमीटर, मोबाइल आणि यंत्राची यूएसबी केबल पुरते. मोबाइलवर टोन जनरेटरचं अ‍ॅप घ्या आणि २०० हर्ट्झचा साइन सूर लावा. स्वस्त मल्टिमीटर १,००० हर्ट्झला चुकीचं दाखवतो, २०० ला बरा चालतो. हेडफोन जॅकमधून केबल काढून यंत्राच्या इनपुटला द्या आणि जोडलेल्या अवस्थेतच एसी व्होल्ट मोजा. समजा ०.५ व्होल्ट आले. ते होतात −३.८ डीबीयू. आता यंत्रातले सगळे ब्लॉक बंद करून यूएसबीवरून कोरा सिग्नल कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करा. त्याचं शिखर −१६ डीबीएफएसला दिसलं तर यंत्राची कमाल लेव्हल −३.८ + १६, म्हणजे साधारण +१२ डीबीयू. हा आकडा यंत्राच्या पाठीवर पट्टी चिकटवून लिहून ठेवा, पुन्हा मोजायची गरज नाही. काही यंत्रं यूएसबीवर लेव्हल वरखाली करून पाठवतात, म्हणून सेटिंगमध्ये यूएसबीचं बटण ० डीबीवर आहे ना ते आधी पाहा.

एवढं करायचं नसेल तर कानाने. काठावरचं कॅप्चर, गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण, ब्रिज पिकअप. हळू छेडल्यावर स्वच्छ आणि मनगट टाकून छेडल्यावर फाटायला हवं. जोरातही स्वच्छच राहिलं तर इनपुट ३ डीबीने वाढवत जा, हळूही फाटलं तर कमी करत जा. एकदा जुळलं की त्याच माणसाने त्याच मांडणीत घेतलेली बाकीची कॅप्चरं बहुधा तेवढ्याच फरकाने जुळतात. म्हणून वीस जणांच्या वीस फायली गोळा करण्यापेक्षा एकाच माणसाचा एक संच घेतलेला बरा. हंबकर पिकअपवरून सिंगल कॉइल पिकअपवर आलात म्हणून इनपुट वाढवू नका. खऱ्या अ‍ॅम्पवरही सिंगल कॉइल कमीच फाटते, तेच बरोबर आहे.

नॉइज गेट (गुणगुण दाबणारा ब्लॉक) कॅप्चरच्या आधी. नॅमचं मॉडेल स्वतः खरखर निर्माण करत नाही. गिटारमधून आलेली गुणगुण ते अ‍ॅम्पसारखी फुगवतं, म्हणून ती फुगायच्या आधीच दाबायची. गेटची मर्यादा घरी ठरवू नका. मांडवातल्या एलईडी लाइट आणि डिमर चालू असताना ठरवा, कारण सिंगल कॉइलची गुणगुण तिथे दुप्पट होते.

कॅब एकदाच

नॅमच्या फायली दोन प्रकारच्या असतात. एक, नुसत्या अ‍ॅम्पची, जिला डीआय किंवा हेड म्हणतात. दुसरी, अ‍ॅम्प, कॅबिनेट आणि माइक सगळं मिळून, फुल रिग. डीआय फाइलला आयआर लावला नाही तर आवाज पत्र्याच्या डब्यात मधमाश्या कोंडल्यासारखा येतो. फुल रिगला आयआर लावला तर कॅबिनेट दोनदा लागतं आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. यंत्रातले तयार पॅच (साठवलेल्या मांडण्या) बहुतेक आयआर ब्लॉक चालू ठेवूनच येतात, म्हणून दुसरी चूक जास्त होते. फाइलीच्या नावात काही लिहिलेलं नसेल तर आयआर बंद करून वाजवा: टोचतंय, माश्या घोंगावतात, तर ती डीआय.

निवड करायची झाली तर मांडवासाठी डीआय फाइल आणि वेगळा आयआर घ्यावा. कारण गावोगावचे स्पीकर वेगळे आणि आयआर बदलणं सोपं. फुल रिगमध्ये माइक जिथे ठेवला तिथेच राहतो.

आयआरची फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो ठेवा. १,०२४ नमुन्यांचा आयआर २१ मिलिसेकंदांचा, २,०४८ चा ४३ मिलिसेकंदांचा. छोट्या यंत्रात पहिलाच मावतो आणि गिटारला तो पुरतो, फरक फक्त खालच्या सुरांच्या घुमण्यात जाणवतो. फाइलीच्या सुरुवातीला शांतता राहिली असेल तर ती कापा, नाहीतर तेवढा उशीर आवाजाला लागतो आणि मागचं शेपूटही तुटतं. एक खास आपल्याकडची चूक: मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर आयआर पाठवताना तो ऑडिओ म्हणून जातो, अ‍ॅप त्याला दाबून वेगळ्याच स्वरूपात टाकतं आणि यंत्र ती फाइल उघडत नाही. "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. नॅमची फाइलही काहीशे केबीचीच असते, टूजी पकडणाऱ्या गावातही जाते.

स्वतः कॅप्चर घ्यायचं असेल तर

ट्यूब अ‍ॅम्प कुणाकडे असलाच तर एक गोष्ट आधी: स्पीकर काढून तो लोडशिवाय चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. लोड बॉक्स (स्पीकरऐवजी जोडायची डबी) नसेल तर कॅबिनेट जोडलेलं ठेवा आणि माइकने घ्या. पण गावात असतो तो १५ ते ४० वॅटचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प, नाहीतर एखादा ओव्हरड्राइव्ह पेडल. त्यांचीही कॅप्चरं छान येतात. पेडलचं तर सगळ्यात सोपं, कारण त्यात कॅबचा प्रश्नच नाही. अहुजाच्या जुन्या पीए अ‍ॅम्पचा माइक इनपुट चिरून जो भसाडा आवाज येतो, तोही घेऊन पाहण्यासारखा आहे. जगात तो कुणाकडे नसेल.

लागतं काय: एक आउटपुट-एक इनपुट असलेला ऑडिओ इंटरफेस, कॉम्प्युटर, दोन केबल, मल्टिमीटर. नॅमची ठरावीक इनपुट फाइल उतरवा, ती तीन मिनिटांपेक्षा थोडी जास्त लांबीची, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटची आहे. प्रोजेक्ट ४८ वर ठेवा. ४४.१ वर राहिला तर सगळी मेहनत वाया.

इंटरफेसचा लाइन आउट सरळ अ‍ॅम्पमध्ये दिला तर लेव्हल जास्त जाते. रीअ‍ॅम्प बॉक्स (लाइनचा सिग्नल गिटारसारखा करून देणारी डबी) असेल तर उत्तम. नसेल तर मोजून कमी करा. कॅप्चर +१२ डीबीयूला हवं असेल तर −१२ डीबीएफएस शिखराचा २०० हर्ट्झचा साइन सूर वाजवा, केबल अ‍ॅम्पला जोडलेली असताना मल्टिमीटरवर ०.७७५ व्होल्ट येईपर्यंत आउटपुटचं बटण फिरवा. संपलं. आता ते बटण टेप लावून बंद करा आणि फाइलीच्या नावात +१२ लिहा. फझ पेडल असेल तर मात्र रीअ‍ॅम्प बॉक्सशिवाय घेऊ नका. फझला गिटारच्या पिकअपचा अडथळा (इम्पीडन्स) हवा असतो, इंटरफेसचा कमी अडथळ्याचा आउटपुट त्याला वेगळंच वाजवतो.

अ‍ॅम्पचा रिव्हर्ब, कोरस, गेट बंद. इंटरफेसचं डायरेक्ट मॉनिटर बंद, नाहीतर कोरा सूरही रेकॉर्डिंगमध्ये मिसळतो. माइकने घेताना खोलीतला पंखा, कूलर बंद. उन्हाळ्यात हे काम पहाटेच होतं. रेकॉर्डिंगचं शिखर −६ ते −३ डीबीएफएसच्या मध्ये ठेवा, एकदाही लाल दिवा नको. इनपुट फाइलच्या सुरुवातीला दोन टिचक्या आहेत, त्यावरून ट्रेनर (रेकॉर्डिंगवरून मॉडेल बनवणारा प्रोग्रॅम) उशीर मोजतो. त्या कापू नका, पुढचं-मागचं काहीही कापू नका. रेकॉर्ड झालेली फाइल मूळ फाइलइतक्याच लांबीची हवी. ती साधारण २७ एमबीची होते, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून सहज चढते. गूगल कोलॅबवर किंवा टोन३००० च्या संकेतस्थळावर ट्रेनिंग मोफत होतं, घरच्या कॉम्प्युटरला ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

शेवटी ट्रेनर ईएसआर नावाचा आकडा देतो, म्हणजे चूक मूळ आवाजाच्या किती पट राहिली. ०.०१ च्या खाली आला तर उत्तम. हाय-गेनला ०.०२-०.०३ चालतो. ०.१ आला तर मॉडेलला दोष देऊ नका, रेकॉर्डिंग पुन्हा तपासा. इनपुट फाइलमध्ये एक तुकडा दोनदा आहे. दोन्ही वेळा आवाज सारखा आला नाही तर ट्रेनर कुरकुरतो. बहुतेक वेळा रिव्हर्ब चालू राहिलेला असतो, नाहीतर मधेच व्होल्टेज बसलेलं असतं. रात्री शेतीपंपांची थ्री फेज आली की गावठाणातला दिवा जसा मंद होतो, तसा ट्रान्सफॉर्मरवर चालणारा अ‍ॅम्पही थोडा बदलतो. त्या वेळी कॅप्चर घेऊ नका.

डीपी, जनरेटर आणि पॉवर बँक

बिछायत केंद्राच्या जनरेटरवर किंवा डीपीवरून (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरून) ओढलेल्या तात्पुरत्या लाइनवर मल्टीइफेक्टचा स्विचिंग अडॅप्टर सहसा तग धरतो, कारण तो १०० ते २४० व्होल्टमध्ये चालतो. जुना जड ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर व्होल्टेज बसलं की घुमायला लागतो, तो बदलून टाका. त्रास असतो क्षणभर लाइन जाण्याचा. यंत्र पुन्हा सुरू व्हायला अर्धा मिनिट लागतो आणि तेवढ्यात कडवं संपतं.

म्हणून पॉवर बँक. १०,००० एमएएचच्या बँकेत ३७ वॅट-तास असतात, ९ व्होल्ट करताना गळती धरून २८ उरतात. ९ व्होल्ट ५०० मिलिअँपिअर खाणारं यंत्र ४.५ वॅटचं, म्हणजे सहा तास. भीमजयंतीचा रात्रभराचा कार्यक्रम किंवा वडशाकडचं झाडीपट्टीचं नाटक पहाटेपर्यंत चालतं, तिथे २०,००० ची घ्या. बाजारात मिळणारी ५ चे ९ व्होल्ट करणारी केबल मात्र वायफाय राउटरसाठी असते आणि तिची आतली पिन धन असते. गिटारच्या यंत्रांना बहुधा आतली पिन ऋण लागते. उलट लावली तर यंत्र मरू शकतं. मल्टिमीटरची लाल काडी पिनच्या आत, काळी बाहेर: गिटारसाठी योग्य केबल −९ दाखवते. यंत्राच्या पाठीवरचं चित्र पाहूनच लावा. काही केबल हाय-गेनवर बारीक शिट्टी वाजवतात, ते घरी तपासा. चार्जर लावताना-काढताना काही पॉवर बँक क्षणभर पुरवठा तोडतात, तेही घरीच पाहा.

फर्मवेअर अपडेट लोडशेडिंगच्या वेळापत्रकाकडे बघून. अर्ध्यात लाइन गेली तर यंत्र विटेसारखं निकामी होतं. आणि अपडेट होताना यंत्र कॉम्प्युटरला दिसतच नसेल तर आधी केबल बदला, स्वस्त केबलींत नुसत्या चार्जिंगच्याच तारा असतात.

अर्थिंग. गिटारच्या तारेला हात आणि माइकला ओठ लागला की झिणझिण्या येतात, कारण गिटार एका बोर्डावर आणि मिक्सर दुसऱ्याच. सगळा साउंड एकाच बोर्डावरून घ्या, लाइटचा बोर्ड वेगळा. गुणगुण जावी म्हणून तीन पिनच्या प्लगची अर्थची पिन तोडणारे महाभाग आहेत, त्यांच्या शेजारी उभं राहू नका. गुणगुण काढायला डीआय बॉक्सवरचं (यंत्र आणि मिक्सरच्या मधे लागणारी डबी, डीआय फाइलीशी तिचा संबंध नाही) ग्राउंड लिफ्टचं बटण आहे. गिटारच्या तारांना टेस्टर लावून तो पेटला तर सगळं बंद करून वायरमनला बोलवा, वाजवणं नंतर.

साउंडवाल्याच्या हाती देताना

यंत्रातून मिक्सरपर्यंत साध्या जॅकची वीस मीटर केबल ओढली तर गुणगुण येणारच. स्टेजवरच पॅसिव्ह डीआय बॉक्स ठेवा, पुढे एक्सएलआर केबल. गावच्या मिक्सरवर ४८ व्होल्टचं फँटमचं (माइकला वीज देणारं) एकच बटण सगळ्या चॅनेलला असतं, पॅसिव्ह डीआयचा ट्रान्सफॉर्मर ते यंत्रापर्यंत येऊ देत नाही. आउटपुट "लेफ्ट/मोनो" मधूनच घ्या आणि पॅच मोनो करा. स्टिरिओ डिले लावून एकच बाजू दिली तर अर्धे ठोके गायब.

मांडवातल्या पंधरा इंची टॉप स्पीकरवर आणि हॉर्नवर गिटार कानाला चिरते. खऱ्या बारा इंची गिटार स्पीकरचा आवाज ५ किलोहर्ट्झच्या वर उतरत जातो, हॉर्न मात्र पुढेही कडक वाजतो. आयआरनंतर ईक्यूवर ६ किलोहर्ट्झला हाय कट (त्यावरचे सूर कापणं), ९० हर्ट्झला लो कट (त्याखालचे कापणं). ढोलक आणि कीबोर्डचा डावा हात सोबत असेल तर लो कट १२० पर्यंत न्या, गिटारचं काहीही बिघडत नाही. उलट ७०० ते ९०० हर्ट्झला दोन-तीन डीबी वाढवलं तर गाण्यात गिटार ऐकू येते. हेडफोनवर हे नाकातून बोलल्यासारखं वाटतं, म्हणून रात्री घरी केलेले पॅच स्टेजवर सगळे चुकतात. पॅच निदान एकदा तरी खऱ्या टॉपवर, मोठ्या आवाजात जुळवा.

स्वच्छ आणि लीड पॅचचा आवाज सारखा करायचा तो कॅप्चरनंतरच्या लेव्हलने. स्वच्छ पॅचची शिखरं मीटरवर उंच दिसतात पण कानाला तो हळू वाटतो, म्हणून मीटरवर विश्वास ठेवू नका. लीड बाकीपेक्षा ३ डीबी वर, त्याहून जास्त नाही, नाहीतर साउंडवाला फेडर खाली ओढतो आणि मग पुढच्या गाण्यात तुम्ही गायबच.

स्वतःला ऐकायला ब्लूटूथ इअरफोन लावू नका. त्यात आवाज दीडशे-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो, हात आणि ताल सुटतात. वायरचा इअरफोन यंत्राच्या हेडफोन जॅकला. एप्रिल-मे मध्ये दुपारचा कार्यक्रम असेल तर यंत्र आणि पॉवर बँक उघड्या उन्हात ठेवू नका, गाडीच्या बंद डिकीत तर मुळीच नाही. स्टेजवर पांढरा दुपट्टा ओला न करता नुसता अंगावरून टाकला तरी काळं पेडल हात लावण्यासारखं राहतं. पावसाळ्यानंतर पहिल्या कार्यक्रमाआधी सगळ्या जॅकमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारून केबल आठ-दहा वेळा आतबाहेर करा. नवरात्रात येणारी अर्धी खरखर तिथेच निघून जाते.